राखाडी कार्ड

पोन्तेवेद्राच्या वर, टेकडीच्या उतरणीवर,
एलादिओ सेइशासच्या रोपवाटिकेत
आज तिसरा दिवस.
फूल एकच. कॅमेलिया.
बावीस वर्षं कलमं बांधून त्याने काढलेलं,
अजून नाव न ठेवलेलं.
नोंदणीच्या कागदावर एक चौकोन रिकामा:
रंग. फोटो जोडावा.

पहिल्या दिवशी ऊन होतं.
ऊन म्हणजे लालाचा वैरी.
पडद्यावर आलं ते मेणाचं फूल,
पाकळीला पाकळी चिकटलेली, शिरा गायब,
पानांवर कुणी लाखेची मोहोर उठवावी तसं.
आलेखात हिरवा निवांत, निळा निवांत,
आणि लाल उजव्या भिंतीला पाठ लावून उभा,
पुढे जागाच नाही.
"हे माझं नाही," एलादिओ म्हणाला
आणि बादल्या उचलायला गेला.

दुसऱ्या दिवशी समुद्रावरून ढग आले,
इथे येतात तसेच, न विचारता.
मी उजेड एक स्टॉप खाली घेतला, मग दीड.
शिरा परतल्या.
पाकळ्यांच्या कडा एकमेकींपासून सुट्या झाल्या,
आतल्या घडीत सावली बसली.
पण लालात कुठूनसा शेंदूर उतरलेला.
एलादिओ बराच वेळ पाहत राहिला.
"ओळखीचं वाटतंय," म्हणाला. मग डोळे चोळून,
"नाही. काय की."

रात्री झोपताना उलगडलं:
माझं जाकीट.
पिवळं, पावसाळी, गुडघ्यापर्यंतचं.
दिवसभर मी फुलावर वाकून
स्वतःलाच त्यात मिसळत होते.

म्हणून आज जाकीट खुंटीवर.
एलादिओच्या बहिणीची, ओब्दुलिआची, पांढरी चादर
चार काठ्यांवर ताणलेली.
("धुवायची कुणी?" ती विचारून गेली. दोनदा.)
आणि फुलाच्या गालाशी धरलेलं राखाडी कार्ड.
लालाची चौकशी
आधी राखाडीकडे करावी लागते.
ज्याला स्वतःचा रंग नाही
त्याचीच साक्ष ग्राह्य.

आणि आलं.
किरमिजी, थंड, देठाशी किंचित काळं,
काठावर निळ्याची नुसती चाहूल.
फुलाशेजारी पडदा धरला, मला फट सापडेना.

"जांभळं झालंय," एलादिओ म्हणाला.

मी काही बोलले नाही. पडदा तसाच धरून ठेवला.
त्याने उजवा डोळा झाकला. फुलाकडे पाहिलं. फोटोकडे.
मग डावा झाकला. पुन्हा फूल, पुन्हा फोटो.
मग उजवा. मग डावा.
लहान मूल अंगठ्यामागे चंद्र लपवतं, तसं.

"फूलही जांभळं आहे," तो म्हणाला. "या डोळ्याला."

डाव्याचं ऑपरेशन जानेवारीत झालं.
उजव्याची तारीख ईस्टरनंतर.

"मग बावीस वर्षं निवडत कशाने होतास?"
मी विचारलं, आणि विचारल्याचं लगेच वाईट वाटलं.
तो हसला.
"तेव्हा दोघे एकच खोटं बोलत होते.
मिळून. नवराबायकोसारखे."

ओब्दुलिआ आली, चादर मागायला.
फुलाकडे पाहून म्हणाली, "लाल आहे की,"
आणि काठ्या उपटू लागली.

कागदावर मी आजचा फोटो जोडला.
चौकोन भरला. खाली त्याने सही केली,
डावा डोळा उघडा ठेवून, नीट, सावकाश.

मग पेन खिशात ठेवता ठेवता म्हणाला,
"घरी लावायला एक वेगळा दे, सबेला.
कालच्यासारखा.
ईस्टरनंतर तो लाल मलाही दिसणार नाही."

ढग अजून होते. उजेड तासाभराचा.
मी खुंटीवरून जाकीट काढलं,
गळ्यापर्यंत चेन ओढली
आणि फुलाच्या अगदी जवळ
जाऊन उभी राहिले.